घरातला फिर्यादी

एवेलियो पेद्रोसो बोलायला उभा राहिला की कार्देनासच्या बागेतली माणसं शेंगदाण्याची पुडीसुद्धा बाजूला ठेवत. तसा माणूस दिसायला काही खास नव्हता. दोरखंडाचा कारखाना सुटल्यापासून तो बाजाराजवळच्या कमानीखाली एक डुगडुगतं टेबल मांडून लोकांच्या लायटरमध्ये गॅस भरून द्यायचा. बोटांना कायम गॅसचा वास, डोक्यावर एक विटलेली निळी टोपी. पण बेसबॉलचा विषय निघाला की त्याच्या जिभेला अशी धार चढायची की तिच्यापुढे भलेभले गारद झाले होते.

हवानातले साहेब कोणाकोणाला थोर खेळाडू ठरवतात, याच्याशी कार्देनासला काही देणंघेणं नव्हतं. इथे खरा मान एकच, बाल्दोमेरो न्हाव्याच्या दुकानातली आरशासमोरची भिंत. त्या भिंतीवर फोटो लागायचा तो बागेतल्या कट्ट्याने ठरवलेल्या खेळाडूचा, आणि तोही रीतसर खटला चालवून. वर्षाला एक नाव. खेळ सोडलेला तो खेळाडू स्वतः बाकावर समोर बसणार, एक जण त्याची वकिली करणार, दुसरा त्याच्याविरुद्ध फिर्याद मांडणार. शेवटी ज्यांना माणूस लायक वाटतो त्यांनी टोप्या काढायच्या; निम्म्याहून जास्त निघाल्या की फोटो लागला. वकील दरवर्षी नवा. फिर्यादी मात्र कित्येक वर्षं एकच, एवेलियो.

फिर्यादीने हात आखडता घेतला असं कोणाला वाटलं, तर त्याने तिथल्या तिथे ‘भीक!’ असं ओरडायचं. एकदा का भीक ओरडली गेली की खटला मोडला, आणि त्या खेळाडूचं नाव पुन्हा कधी घ्यायचं नाही. नुसता हरला तर पाच वर्षांनी परत उभा राहू शकायचा. भिंतीवरच्या फोटोंना किंमत होती ती एवढ्यासाठीच, की प्रत्येक जण फिर्यादीच्या तोंडून सोलून निघालेला होता.

त्या वर्षी नाव निघालं ओस्मुंदो लार्रिनागाचं, आणि सगळा कट्टा एवेलियोकडे बघायला लागला.

ओस्मुंदो, म्हणजे मुंदो, एवेलियोच्या बहिणीचा नवरा. नुसता नवरा असता तर निभावलं असतं, पण दोघं एकाच घरात राहत होते. दीड खोलीचं घर, मधोमध प्लायवूडची फळी. पलीकडे मुंदो आणि नेरेइदा, अलीकडे एवेलियो. बायको सोडून गेल्यावर तो चार दिवसांसाठी म्हणून बहिणीकडे आला होता. या बेटावर माणसाला दुसरी बायको मिळेल, दुसरं घर मिळायचं नाही. चार दिवसांची वीसेक वर्षं झाली. फळीपलीकडे मुंदो खोकला की अलीकडे एवेलियोची झोप मोडायची, आणि गेल्या हिवाळ्यापासून मुंदो फार खोकत होता. डॉक्टरने नेरेइदाला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. पाच वर्षं थांबण्याची गोष्टच नव्हती.

एवेलियोने बाल्दोमेरोला गाठलं आणि या वर्षी फिर्याद दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणून विनवलं. बाल्दोमेरो वस्तऱ्याला धार लावत होता, त्याने मान वर केली नाही. पूर्वीचा फिर्यादी आपल्या धर्मपुत्राच्या खटल्यातून सुटका मागत होता, तेव्हा बागेत मोठमोठ्याने कोण बोललं होतं, एवढंच त्याने विचारलं. बोलला होता एवेलियोच. जवळच्या माणसालाच माणूस खरा कळतो, तेव्हा नातं असलेला फिर्यादीच सर्वांत चांगला, असं तो तेव्हा छाती काढून म्हणाला होता, आणि कट्ट्याने टाळ्या वाजवून तो नियमच करून टाकला होता. आता आपल्याच दातांनी आपली जीभ चावायची वेळ आली.

घरी नेरेइदाने त्याला ओट्यापाशी अडवलं. भातात काळा घेवडा घालता घालता ती हळू आवाजात बोलली, कारण फळीला कान होते.

“तुझी ती जीभ रविवारी घरी ठेवून जा. त्याला ती भिंत बघून मरू दे. काही वेडंवाकडं बोललास, तर माझ्या चुलीवरचा घासही तुला मिळायचा नाही.”

हे होतंय तोवर फळीपलीकडून हाक आली. मुंदो खाटेवर उशाला टेकून बसला होता. आजारातही टोपी डोक्यावर होतीच, कारण डोक्यावर एकही केस उरला नव्हता आणि तो पहिल्यापासून नटवा.

“ती काय म्हणाली ते ऐकलं मी,” मुंदो म्हणाला. “तिचं ऐकू नकोस, मेव्हण्या. तू हातचं राखलंस तर भीक म्हणतील. भिकेचा फोटो मला नको. सगळ्यांना सोललंस तसंच मलाही सोल.”

“आणि तू हरलास तर?”

“हरलो तर हरलो. पण जिंकलो, तर तुझ्यापुढे जिंकलो असं होईल.”

त्याला किती आशा आहे ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एवेलियो फळीच्या अलीकडे येऊन आडवा झाला, पण झोप कसली येते. मऊ बोलावं तर भीक. कडक बोलावं तर हार. बोलूच नये तर कट्टा सोडायला लागेल, आणि कट्टा सोडून तो जाणार कुठे, तर याच फळीआड. सगळ्या बाजूंनी कोंडी झाली होती आणि कोंडणारी सगळी आपलीच माणसं होती.

रविवारी मुंदो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून घोडागाडीतून बागेत आला. बाकावर बसला, हात काठीवर. त्याचा वकील होता योएल्विस, शाळेतला व्यायामाचा मास्तर. मुंदोचा खेळ त्याने पाहिलेला नव्हता, नुसता बापाकडून ऐकलेला. पण पोराने तयारी केली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली ती जागा मुंदोने कशी राखली, पडता पडता चेंडू कसा फेकला, हे त्याने हातवारे करून दाखवलं, आणि शेवटी हुकमाचं पान काढलं.

“सांता क्लाराचा शेवटचा सामना आठवा,” तो म्हणाला. “मुंदोचं बोट मोडलं आणि त्याला बाहेर बसावं लागलं. आपण एका धावेने हरलो. ते बोट त्या दिवशी धड असतं, तर आज हा माणूस हवानाच्या भिंतीवर असता. नशिबाने मारलं त्याला. निदान आपण तरी मारू नये.”

म्हातारी माणसं डोळे टिपायला लागली. त्या बोटावर सगळ्या कार्देनासचा जीव होता. त्या बोटाबद्दल अजूनही लोक मुंदोला रांगेत पुढे जागा देत. मुंदो मात्र त्या वेळी काठीच्या मुठीकडे बघत बसला.

कारण बोट मोडलंच नव्हतं. हे फक्त दोघांना ठाऊक होतं. त्या दिवशी सकाळी हॉटेलच्या खोलीत मुंदोने सामना बघायला आलेल्या एवेलियोला बोलावून घेतलं होतं आणि हातात पट्टी देऊन बोट गुंडाळायला सांगितलं होतं. बोटाला काहीच झालेलं नव्हतं. हात मात्र लटलटा कापत होता. “गुंडाळ म्हणतो ना,” एवढंच तो म्हणाला, आणि एवेलियोने गुंडाळलं. त्यावर पुन्हा कधी एक शब्दही निघाला नाही, ना जेवताना, ना फळीच्या आरपार.

एवेलियो उठला तेव्हा त्याच्या मनात हिशेब झाला. बोटाला हात लावायचा नाही. बाकी सगळं रगडून काढायचं, म्हणजे भीक म्हणायला कोणाला जागा राहणार नाही. आणि बोटाच्या पुण्याईवर मुंदो तरून जाईल. हिशेब वाईट नव्हता, फक्त त्यात त्याने स्वतःची जीभ धरली नव्हती.

सुरुवात जरा ढिली झाली. मुंदोचे हात फार सुंदर होते वगैरे तो बोलला, तोच मागच्या बाजूला घोडागाडीवाला प्लासिदो घसा खाकरायला लागला. भीक या शब्दाआधीचं ते खाकरणं सगळे ओळखत होते. एवेलियोने आवाज चढवला. हात सुंदर होते, पण डावीकडचे चेंडू उचलायला. उजवीकडून गेलेला चेंडू मुंदो सोडून द्यायचा आणि मग गुडघ्यावरची माती झटकत असा उभा राहायचा, की चूक चेंडूचीच असावी. लोक हसले. मुंदोही हसला. बेस रिकामे असताना तो फटके मारायचा, आणि बेसवर आपली माणसं भरली की त्याचा चेंडू उंच हवेत उडून सरळ कोणाच्या तरी हातात. सामना खिशात पडल्यावर पळून बेस चोरायला पहिला, सामना अडला की पायात गोळा. राष्ट्रीय संघाने सरावाला बोलावलं तर आठवड्यात परत आला, का तर आईच्या हातचा भात आठवला. बागेत हशा उसळला. खरं सांगायचं तर एवेलियोला मजा यायला लागली होती. एकेक सामना, एकेक फटका, कोणत्या गावात ऊन कुठल्या बाजूने डोळ्यात येत होतं, सगळं त्याच्या तोंडात आपोआप येत होतं. आपण थांबायला हवं हे त्याला कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

सांता क्लारापाशी मात्र तो थांबला. जीभ टाळूला चिकटवून क्षणभर उभा राहिला आणि खाली बसला.

टोप्या निघायला लागल्या. पुढच्या रांगेतल्या निघाल्या, म्हाताऱ्यांच्या निघाल्या, योएल्विसने तर आपली हवेत धरली. पण मागच्या बाजूला टोप्या डोक्यावरच होत्या. काहींचे हात टोपीपर्यंत गेले आणि परत आले. बाल्दोमेरोने बाकावर चढून मोजलं, मग पुन्हा मोजलं, आणि नकारार्थी मान हलवली. प्लासिदोने एवेलियोच्या पाठीवर थाप मारली आणि इतकी सुंदर फिर्याद या बागेत कधी झाली नव्हती, असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. एवेलियो त्याच्या हाताखालून बाजूला झाला.

दोघं गाडीतून घरी आले. नेरेइदाला निकाल त्यांच्याआधीच कळला होता. तिने दोनच ताटं वाढली. एवेलियो पाव घेऊन आपल्या बाजूला गेला आणि खाटेवर बसून तो कोरडाच चावत राहिला. जायला दुसरी जागाच नव्हती. फळीपलीकडे चमचे वाजत होते. मग चमचे थांबले आणि हाक आली.

तो गेला. मुंदोने पांढरा सदरा अजून काढला नव्हता.

“बोटाचं गाळलंस तू.”

“ते कोणाला ठाऊक नव्हतं.”

“तुला होतं ना. मग कसली फिर्याद ती?” मुंदोला दम लागला, तो थांबला. “मी काय म्हटलं होतं? सगळं सोल. तू मधलंच ठेवलंस. आता मी हरलो तेसुद्धा धड नाही. अर्धा माणूस हरला.”

ओट्याकडून नेरेइदाने विचारलं की कसलं बोट.

“बस,” मुंदो म्हणाला. “पहिल्यापासून मांड. त्या बोटासकट.”

एवेलियोने नाही म्हणून पाहिलं. हात जोडले. मुंदो भिंतीकडे तोंड करून पडला आणि तोंड फिरवेचना. शेवटी एवेलियोने सुरुवात केली, पण बोटापाशी आला आणि अडखळला. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा हाक आली. तिसऱ्याही. मुंदो डोळे मिटून आपल्या चुका ऐकायचा, मध्येच दुरुस्त्या करायचा. तो सामना इथला नव्हे, तिथला. त्या दिवशी ऊन नव्हतं, ढग होते. प्रत्येक वेळी सांता क्लारा आलं की एवेलियो उठून फळीच्या आपल्या बाजूला पळायचा. पळून पळून कुठे, तर मुंदोचा श्वास ऐकू येईल इतक्याच अंतरावर. दोघांचीही सुटका नव्हती.

मग एका संध्याकाळी मुंदोचा आवाज इतका बारीक झाला की एवेलियोला त्याची भीती वाटली. त्या दिवशी तो पळाला नाही. सगळी फिर्याद त्याने क्रमाने मांडली आणि मग खालमानेने म्हणाला, “सांता क्लाराला याचं बोट धड होतं. मीच गुंडाळलं. हा घाबरला होता.”

दारात नेरेइदा उभी होती, हातात कपबशी. एवढी वर्षं तिने त्या बोटाला थंडीच्या दिवसांत तेल चोळलं होतं. ती कपबशी खाली ठेवून आत आली आणि खाटेच्या कडेवर बसली.

“झालं?” मुंदोने विचारलं.

“झालं.”

“मग मतं घ्या.”

फिर्यादीला मत नसतं. तरी एवेलियोने डोक्यावरची निळी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. नेरेइदाने थोडा वेळ घेतला. मग तिने केसांना बांधलेला रुमाल सोडला. मुंदोने डोळे उघडून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग स्वतःचं मत द्यायला त्याचा हात आपल्या टोपीच्या कडेपर्यंत गेला.

त्याने टोपी खाली ओढून कपाळावर नीट बसवली आणि तिची कड डोळ्यांवर घेतली.