नागपूरकडचे तेलाचे डाग

सौंसरच्या छोट्या लाईनीवर गुणवंतानं तीस वर्षं गँगमनकी केली. अक्षर त्याला येत नसे. पण खडी अशी वाचायचा, की भरली गाडी कोणीकडं जाते ते डब्याकडं न पाहता सांगायचा.

चोपन्न साली राज्यं नव्यानं आखायला आयोग फिरू लागला. सौंसर-पांढुर्णा नागपूरसोबत राहणार की तुटणार, हा घोर साऱ्या मराठी मुलखाला लागला. नागपूरसोबत राहण्यासाठी गावानं समिती केली; तिचे पुढारी विनायकराव वकील. ते म्हणाले, "गुणवंता, कागदं तर सगळेच देऊन राहिले. तू आपलं टेशन बनव, लहानसं पण हुबेहूब. आयोगाच्या टेबलावर मी स्वतः ठेवतो."

गुणवंता पेटला. लाईनीवरची खरी खडी त्यानं खलबत्त्यात कुटली, रव्याच्या चाळणीनं चाळली.

बायको म्हणाली, "आता सांज्यात दगड लागला, तर माह्या नावानं ओरडू नका."

स्लीपरांमधे खडी पसरून त्यानं वर बाभळीच्या डिंकाचं पाणी पिसानं थेंब थेंब सोडलं, म्हणजे दाणा हलत नाही. समितीनं दिलेल्या पत्र्याचे रूळ चिंचेच्या पाण्यात गंजवले आणि फक्त माथा घासून चमकवला. चाक तिथंच लागते. शेजारचे नत्थूजी म्हणाले, "साहेब लोकांपुढं असं मळकं नेतं का बे?"

"मळ हाच पुरावा आहे, नत्थूजी. संत्रं भरेपर्यंत इंजिन नागपूरकडं तोंड करून तासभर उभं राहते. छिंदवाड्याकडं जाताना दहा मिनिटं. तेल कोणीकडं जास्त गळन?"

म्हणून नागपूरच्या टोकाला त्यानं खडी काळीकुट्ट केली. दुसऱ्या टोकाला दोन-चार ठिपके. मग लाकडी पेटीत घालून झाकणावर आठ खिळे ठोकले, फटींवर डिंकानं कागद चिकटवला. वकील पेटी घेऊन नागपूरला गेले.

छप्पनच्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेलं. सौंसर मध्य प्रदेशात उरलं. गुणवंता रोज टेशनाच्या नागपूरकडच्या टोकाला जाऊन खडी पाहू लागला. काळा रंग कमी पडला, आपलीच चूक झाली, हेच त्याच्या डोक्यात.

पंधरवड्यानं वकिलांचं बोलावणं आलं, हत्यारं घेऊन ये म्हणून. त्यांच्या बैठकीच्या खोलीत तीच पेटी होती. आठही खिळे जागेवर. कागद कुठं फाटला नव्हता.

वकील म्हणाले, "नव्या राज्याचे मंत्रीसाहेब येऊन राहिले. त्यांना भेट देतो म्हणतो. तेवढा गंज नि काळं धुऊन दे. नवं दिसलं पाहिजे."

"तुमी हे उघडलंच नाही?"

"अरे, एवढ्या मोठ्या लोकांपुढं खेळणं मांडू का मी? लोक हसले असते."

"हे मले तवाच सांगाचं होतं."

"तुझं मन मोडलं असतं."

"माह्या मनाची एवढी काळजी, अन् आता मंत्र्याले हार घालून राहिले तुमी."

"राज्य बदललं, गुणवंता. आपल्यालाही बदलावं लागते."

गुणवंतानं खिळे उपसले. वकील खुश झाले, चहा सांगायला आत गेले. त्यानं घरून आणलेली पटाशी काढली आणि नागपूरच्या टोकाकडून खडी खरवडायला बसला. डिंक पक्का बसला होता. ढेकळं निघत होती.

वकील कपबशी घेऊन दारात थांबले. "हे काय करतं बे?"

"पत्रा समितीचा आहे, तो ठेवा," गुणवंता मान वर न करता म्हणाला. "खडी मी कुटली."

सगळी ढेकळं धोतराच्या ओच्यात घेऊन तो उठला. चहा घेतला नाही.