तीन इंच तेल

आमच्या सुनेच्या मामांइतका तेलाला जपणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. मी अमेरिका सगळी बघितलेली नाही, पिस्कॅटवेच्या आसपासची तेवढी बघितली. तरी हे मी कुणासमोरही सांगेन. तेल म्हणजे फोडणीचं नव्हे. त्या मुलखात थंडी अशी पडते की घराला आतून शेक द्यावा लागतो. मामांच्या जुन्या घराच्या तळघरात म्हशीएवढी लोखंडी टाकी होती. तिच्यात डिझेलच्या सख्ख्या भावासारखं तेल. ते नळीतून बॉयलरला जायचं, बॉयलर पाणी तापवायचा आणि ते पाणी पाइपांतून घरभर फिरायचं. तेल संपलं की बॉयलर बंद, बॉयलर बंद की घर गार, आणि घर फारच गार पडलं की पाइपातलं पाणी गोठून पाइप फुटणार. एवढं समजलं की मामा निम्मे समजले.

मी चौथी शिकलेला माणूस. एकतीस वर्षं एसटी चालवली, कराड डेपो, एकाही माणसाला खरचटू दिलं नाही. मामा पूल बांधणारे इंजिनिअर, तरुणपणीच तिकडं गेलेले. पण मी सहा महिन्यांसाठी मुलाकडं गेलो तेव्हा आमची जोडी जमली, कारण दोघंही रिकामे, दोघांच्याही बायका गेलेल्या, आणि दोघांनाही आपलंच खरं वाटायचं. मुलगा आणि सूनबाई सकाळी कामावर गेले की बरोबर साडेसातला मामांचा फोन यायचा. "आप्पा, बाहेर किती आहे तुमच्याकडं?" आमची घरं चालत दहा मिनिटांवर, त्यांच्याकडची थंडी वेगळी आणि माझ्याकडची वेगळी असं काही नव्हतं. तरी मी खिडकीतून बघून आकडा सांगायचा आणि ते म्हणायचे, "माझ्याकडं एक कमी आहे." त्यात त्यांना काय समाधान मिळायचं देव जाणे. तब्येतीची चौकशी थंडीनंतर. एकदा मला ताप होता, तो सांगितला, तर म्हणाले, "आप्पा, ताप उतरतो. हे वारं उतरेल असं दिसत नाही."

आंघोळ झाली की माणसं देवाला जातात, मामा टाकीला जायचे. खांद्यावर टॉवेल, डोक्याला माकडटोपी आणि हातात खुणा केलेली लांब काठी. टाकीच्या मागच्या टोकाला वर एक बूच होतं. ते काढून काठी तळापर्यंत घालायची, बाहेर काढून उजेडात धरायची, किती इंच भिजली ते बघायचं आणि भिंतीवर सुताराच्या पेन्सिलीनं लिहायचं. टाकीवर तेल दाखवणारी काचेची नळीही होती, आत लाल चकती. तिच्यावर मामांचा काडीचा विश्वास नव्हता. "ती चकती आहे हो, आप्पा. तिला काय पडलंय? घर माझं आहे." तेलाच्या कंपन्या तिकडं आपणहून हिशेब लावून ट्रक पाठवतात, गिऱ्हाइकानं फोनसुद्धा करावा लागत नाही. सगळा गाव तसंच करतो. मामांनी ते कधी केलं नाही. "माझ्या घरात काय शिल्लक आहे ते परक्यानं मला सांगायचं?" ते ताठ होऊन विचारायचे. आणि ट्रकही असा नेमका बोलवायचे की टाकीत थेंबभर जास्त असू नये नि थेंबभर कमी असू नये. टाकी भरताना हवेच्या पाइपातून शिट्टी वाजते आणि टाकी भरत आली की शिट्टी थांबते. त्या शिट्टीला मामा बर्फात उभे राहून कान द्यायचे, डोळे मिटून, जणू गाण्याच्या बैठकीला बसलेत. शिट्टी थांबायच्या आधी हात वर करायचे. ट्रकवाला बिचारा म्हणायचा, "येस सर, येस सर."

घरातल्या सहा खोल्यांपैकी चार बंद. राहणं स्वयंपाकघरात आणि शेजारच्या लहान खोलीत. पाहुणा आला तर घर तापवायचं नाही, पाहुण्यालाच तापवायचं. दारातच त्याच्या अंगावर शाल पडायची. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हणालो, "मामा, सत्कारच करताय तर नारळही द्या." ते म्हणाले, "नारळानं ऊब येत नाही." वाटेल की माणूस चिक्कू. मलाही वाटलं होतं. मग सूनबाईनं सांगितलं की मामी होत्या तेव्हा हेच घर तिकडच्या मापानं बहात्तरवर असायचं, सगळ्या खोल्या उघड्या, मामा बनियनवर हिंडायचे. मामींना थंडी सोसायची नाही. त्या गेल्या आणि मामांनी काटा साठावर आणला. स्वतःसाठी जास्त कशाला जाळायचं, एवढाच त्यांचा विचार. मामींची एक गोष्ट मात्र त्यांनी चालू ठेवली होती. दही बॉयलरच्या डोक्यावर लावायचं. त्या मुलखात हिवाळ्यात दही लागत नाही, पण मामांचं दही सुरीनं कापावं असं.

आता या सगळ्याला एक काळजीही होती. आदल्या हिवाळ्यात मामा आठ दिवस लेकीकडं, दक्षिणेतल्या कॅरी गावाला गेले होते आणि मागं तेल संपून घराचा एक पाइप फुटला. लेक एकुलती एक, शहाणी पोर. तिनं बापाकडून शब्द घेतला: पुन्हा एकदा जरी तेल संपलं तरी घर विकायचं आणि कॅरीला येऊन राहायचं. मामांनी शब्द दिला. त्या दिवसापासून काठीनं नुसतं तेल मोजलं जात नव्हतं, त्या घरात राहायचे दिवस मोजले जात होते.

शरदात पाऊस लागून तळघरात पाणी झिरपलं. टाकीच्या पुढच्या दोन पायांना ओल लागायला लागली. टाकी तेव्हा जवळजवळ रिकामी. मामांनी गाडीचा जॅक आणला आणि पुढचे पाय उचलून खाली जाड लाकडी फळी सारली. मी जॅक धरून होतो. मी म्हटलं, "मामा, नळी पुढनं निघतीय. पुढची बाजू उचलू नये." ते म्हणाले, "आप्पा, तीन इंच म्हणजे काय! मी नदीवर पूल उभे केलेत." शिकलेल्या माणसाला दोनदा सांगायची मला सवय नाही.

जानेवारीतला एक मंगळवार. आदल्या दिवसभर बर्फ पडलेला. ट्रक उद्या येणार होता, मामांनी तसा बोलावून ठेवला होता. साडेसातला फोन आला. पण बाहेर किती हे विचारलंच नाही.

"आप्पा, दही लागलं नाही."

"विरजण बदला."

"विरजण चांगलं आहे हो. कालपर्यंत लागत होतं. दूधच बेकार. हल्ली दुधात काय घालतात काय माहीत."

दुधावर, दूधवाल्या कंपनीवर आणि एकूण अमेरिकेतल्या गाईंवर ते बराच वेळ बोलले. मग मी विचारलं, "मामा, घरात काटा कितीवर आहे?"

ते बघायला गेले. परत आले तेव्हा आवाज बारीक झाला होता. "छप्पन."

मी मुलाचे बूट घातले आणि बर्फातनं निघालो. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला. मामा तळघरात बॉयलरसमोर उकिडवे बसले होते आणि तो पेटवायचं लाल बटण पुन्हा पुन्हा दाबत होते.

"ओ मामा, हात काढा! सारखं दाबायचं नसतं ते."

"तेल आहे, आप्पा. तीन इंच आहे. ही बघा काठी. दोन दिवस आरामात जातं तीन इंचात. बॉयलरच बिघडलाय."

मी काठी बघितली नाही. टाकीच्या मागच्या टोकाला तळाशी बोटाच्या पेरांनी वाजवलं. बद्द. पुढं नळीच्या बाजूला तळाशी वाजवलं. खण्ण.

"मामा, गाडीत डिझेल कमी असलं आणि कुंभार्ली घाट चढायला लागला की डिझेल सगळं मागं पळतं. टाकीत असतं, पण इंजिनला मिळत नाही. गाडी वळणावर गचके खाऊन बंद पडते. मी हे नवा होतो तेव्हा एकदा भोगलंय, पन्नास माणसं भरलेल्या गाडीत. तुमची टाकी घाट चढतीय."

मामांनी वाकून फळीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. इंजिनिअर माणूस, त्याला काय सांगायला लागतंय. "काठी मी मागच्या बाजूनं घालतो," एवढंच म्हणाले. मग हळूच, "लेकीचा फोन येईल बाराला."

"अजून नऊच वाजलेत. उठा. डिझेल आणू, ते चालतं याला."

त्या राज्यात पेट्रोल पंपावर तेल आपण भरायचं नसतं, पंपावरचा माणूस भरतो. होता एक सरदारजी. आमच्या हातात दोन पिवळे कॅन आणि मागं मामांची पेट्रोलची गाडी बघून म्हणाला, "अंकल, डीझल किसको पिलाओगे?"

मी म्हटलं, "घर को."

तो इतका हसला की कॅन भरून वर सांडलं. मामा हसले नाहीत. परतीच्या वाटेवर बर्फात बैलगाडीच्या चालीनं गाडी हाकत होते. मधेच म्हणाले, "आप्पा, तिला कळायला नको."

"माझ्या तोंडून नाही कळायचं."

टाकीच्या घराबाहेरच्या तोंडातून दोन्ही कॅन ओतले. मी खाली जाऊन बॉयलरच्या बर्नरचा स्क्रू सैल केला, खाली डबा धरला. नळीत हवा शिरली की ती काढावी लागते, हे डिझेलच्या गाडीवर हात काळे केलेल्या कुठल्याही माणसाला ठाऊक असतं. "आता दाबा. एकदाच." मामांनी बटण दाबलं. आधी फेस आला, फुसफुस झाली, थुंकल्यासारखं तेल आलं, परत हवा, परत फेस. मामा माझ्या खांद्याला धरून उभे. आणि मग सुतळीच्या जाडीची एकसारखी धार लागली. मी स्क्रू आवळला. बर्नरनं हुंकार दिला आणि पेटला. माझ्या तेलकट हाताला आपला टॉवेल लावून मामा तो पुसत बसले, बोट न् बोट, पूजेचं भांडं पुसावं तसं.

बाराला फोन वाजला तेव्हा आम्ही स्वयंपाकघरात चहा घेत होतो. मामांना कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्यानं लावलेला.

"बाबा, स्नो किती पडला? हाऊस ओके आहे ना? हीट चालू आहे?"

"चालू आहे."

"आणि तेल संपलं वगैरे नाही ना?"

मी मामांकडं बघून मान हलवली, नाही म्हणा म्हणून. मामांनी माझ्याकडं बघितलं, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सकाळी संपलं होतं. आता आहे."

"बाबा, यू प्रॉमिस्ड."

"हो."

मला राहवलं नाही. मी पुढं होऊन म्हटलं, "पोरी, मी आप्पा बोलतोय. तेल होतं, टाकी कलली होती. पाइप फुटला नाही, काही नाही. एवढ्या थंडीत म्हाताऱ्याला हलवू नको."

"काका, तुम्ही तिथं आहात कधीपर्यंत?"

"एप्रिल."

"मग एप्रिलपर्यंत राहू दे त्यांना. तुमच्या भरवशावर." तिचा आवाज रडवेला होता. कुणाचं मन मोडायला तिला आवडत नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

फोन ठेवल्यावर मी चिडलो. "इतकी पायपीट केली, हात काळे केले, आणि तुम्हीच सांगून मोकळे?"

"विचारलं नसतं तर सांगितलं नसतं," मामा म्हणाले. "विचारलं तिनं."

पुढचे तीन महिने आम्ही दोघं रोज तळघरात जायचो. फळी काढली होती. गप्पा टाकीला टेकूनच, कारण घरात तीच जागा उबदार. एप्रिलात मी परत आलो आणि मामांनी दिलेला शब्द पाळला. उन्हाळ्यात घर विकलं गेलं.

आता त्यांचा कॅरीहून फोन येतो, रविवारी. तिकडं थंडी कमी, आणि घर विजेवर तापतं, भिंतीवरचा काटा पोरं फिरवतात. नात इंग्रजीत बोलते, जावई भला माणूस आहे, जेवण चांगलं आहे. मी विचारलं, मामा, बरं चाललंय ना?

"बरं आहे, आप्पा. पण इथं काही संपतच नाही हो."

मग मी म्हटलं, "मामा, बाहेर किती आहे तुमच्याकडं?" ते म्हणाले, "थांबा, बघून येतो," आणि फोन तसाच ठेवून गेले. मी कानाला लावून बसून राहिलो.