कॉम्प्युटरची घासाघीस

घासाघिशीत मला हरवणारा माणूस श्रीगोंद्यात अजून भेटलेला नाही, कॉम्प्युटर भेटला.

माझं पंप-मोटारींचं दुकान आहे. एक पाना आणि एक पक्कड एवढ्यावर सुरू केलेलं. त्यामुळे कुणी मापात मारलं की माझं डोकं फिरतं. (मंदाच्या, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींच्या मते ते फिरलेलंच असतं, मापाचं नुसतं निमित्त.)

यंदा आमची लेक प्राजक्ता पुण्याहून घरी आली. ती लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. म्हणाली, "पप्पा, नेट चांगलं मिळालं तर इथूनच काम करीन. नाहीतर रविवारी परत जाते."

पोरगी घरात राहणार! मी लगेच फायबर घेतलं, नवा कॉम्प्युटर घेतला आणि दोन्हीकडच्या विक्रेत्यांना घाम फोडला. पाचशेचा स्पीड ठरला. साग्रसंगीत पूजा झाली, नारळ फुटला, केबल जोडली. स्क्रीनवर आकडा आला : चौऱ्याण्णव!

"चौऱ्याण्णव?" मी ओरडलो. "मी पाच एचपीची मोटार सांगून एकची दिली, तर गिऱ्हाईक मला जिवंत ठेवील का?"

फायबरच्या कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी साखरेच्या पाकातून बोलत होती.

"सर, राउटर बंद करून चालू करा."

केला. चौऱ्याण्णव.

"सर, आता कॉम्प्युटर बंद करून चालू करा."

केला. चौऱ्याण्णव.

"ताई, आता दुकान बंद करून चालू करतो. त्यानं काही फरक पडेल?"

"सर, तेही करून बघू शकता."

मी फोन आपटला. (माझाच होता. काच तडकली.)

शनिवारी कंपनीचा माणूस आला. तोवर प्राजक्ताने बॅग भरून दाराशी ठेवली होती. त्या बॅगेकडे पाहिलं की माझा आवाज आपोआप चढायचा. त्या माणसाने आमची केबल कॉम्प्युटरमधून काढून स्वतःच्या लॅपटॉपला लावली. पाचशेला टेकला आकडा!

"शेठ, लाइन चोख आहे. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी आहे."

"लॅपटॉप तुझा, कंपनी तुझी! तो तुझ्याच बाजूनं साक्ष देणार!"

"पप्पा, थांबा ना," प्राजक्ता मध्ये पडली. "राउटर आणि कॉम्प्युटर, हे दोन डबे जोडले की आधी आपसात भाव ठरवतात. केबलमध्ये आठ तारा असतात. आठही बोलल्या तर सौदा मोठ्या आकड्यावर होतो. चारच बोलल्या तर शंभरावर मिटवून टाकतात."

मी खुर्चीत बसलो. "म्हणजे आपला कॉम्प्युटर घासाघिशीत हरला? माझ्या घरात राहून?"

"चार तारा गप्प का बसल्या ते बघू या," म्हणत तिने केबलचं टोक उजेडात धरलं. "हे लाल काय आहे?"

मी ते टोक हिसकावलं, बोटाने घासलं आणि बोट त्या माणसाच्या नाकासमोर नाचवलं. "गंज! गंजका माल! नव्या कोऱ्या कॉम्प्युटरला गंजकी केबल लावता? ग्राहक मंचात खेचतो एकेकाला!"

मंदा स्वयंपाकघरातून हात पुसत आली. तिने माझं बोट धरलं आणि नुसतं पाहिलं.

"अवं, गंज कसला? आपलं कुंकू हाय ते."

मी बोट सोडवून घेतलं आणि हुंगलं.

"पूजेच्या वक्ती सांगत हुते," ती म्हणाली, "वरच्या वर बोट लावा. तुमी म्हनला, पंपाच्या तोंडाला लावतो तसं लावायचं. कॉम्प्युटरच्या तोंडात पार कोंबलंत की वलं कुंकू!"

(खरं आहे. दुकानातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पंपाच्या तोंडाला मी कुंकू लावतो. आजवर एकाही पंपाने तक्रार केलेली नाही!)

कंपनीच्या माणसाला अचानक खोकल्याची उबळ आली आणि तो तोंडावर रुमाल धरून गॅलरीत गेला. प्राजक्ताने कॉम्प्युटर बंद केला, दात घासायचा जुना ब्रश स्पिरिटमध्ये बुडवला आणि केबल लावायचं ते भोक लहान मुलाचं तोंड पुसावं तसं पुसलं. केबलचं टोकही पुसलं. सगळं वाळू दिलं. मग केबल लावली, आणि आम्ही सगळे श्वास रोखून स्क्रीनपुढे उभे राहिलो.

चारशे ऐंशी!

प्राजक्ताने दाराशी जाऊन बॅगेची चेन उघडली आणि कपडे पुन्हा कपाटात लावायला घेतले. डोळे पुसायला खिशात रुमाल सापडेना. अशा वेळी बापाने काहीतरी हळवं बोलायला हवं होतं. मी स्क्रीनकडे बोट दाखवून गॅलरीतून परतलेल्या कंपनीच्या माणसाला म्हणालो,

"ठरले पाचशे होते. वीस कुठं गेले?"

"ते व्हय?" मंदा म्हणाली. "तुमच्या बोटाला लागल्यात."

मी बोट पाहिलं. अजून लाल होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी आहे त्या भावात माल घेतला.