मिशीच्या बाजूचं मत

बंगळूरच्या पूर्वेला, होसकोटेची बस जिथे कधीच थांबत नसे आणि आम्ही जिथे रोज तिला हात दाखवायचो, तिथे आमचा विधानसभा मतदारसंघ होता. नाव सांगत नाही. तिथले मतदार अजून रागीट आहेत. त्यांनी कुठल्याच आमदाराला दुसऱ्यांदा निवडून दिलं नव्हतं. एकाने नळ आणला नाही म्हणून पाडला. पुढच्याने आणला, तर पाण्याला चव नाही म्हणून पाडला. तिसरा प्रत्येक लग्नात येऊन जेवणावर आडवा हात मारायचा. त्याला वधूपित्यांनी मिळून पाडला.

म्हणून नव्वदच्या दशकातल्या त्या निवडणुकीत आमच्या काकांनी कोपऱ्यावरच्या हॉटेलात सगळ्यांदेखत पैज लावली, "हा आमदार परत आला तर मिशी उतरवीन!"

काकांची मिशी साधी नव्हती. एका टोकावर बसलेल्या चिमणीला दुसऱ्या टोकावरची चिमणी दिसायची नाही.

हॉटेलवाले अण्णा कानडी, आमच्या शेजाराने मराठी शिकलेले. "सरी, ठरलं," ते म्हणाले, "पडला तर माझी उतरवतो. पण काका, स्वल्प विचार करा."

काकांनी विचार केला आणि तिथेच घात झाला. आमदार पडणारच, म्हणजे समोर उभा राहील तो जिंकणारच. मग आपण का नाही? दुसऱ्याच दिवशी अर्ज भरून आले.

काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, तुम्ही मतं खाणार कुणाची? त्याला पाडायला निघालेल्यांचीच ना? मग मिशीचं काय?"

"तुला राजकारण कळत नाही."

"मिशी कळते मला. रोज समोर असते."

उमेदवारांची यादी लागली आणि आमचे डोळे पांढरे झाले. हाच विचार सगळ्या वस्तीच्या डोक्यात आला होता! शिंपी उभा, दूधवाला उभा, भजनी मंडळाचे अध्यक्ष उभे आणि त्यांना पाडायला उपाध्यक्षही उभे. मतपत्रिका नऊवारीएवढी झाली. आमच्या केंद्रावर एक आजोबा घडी घालता घालता तिच्यात गुंडाळले गेले. पोलिसाने सोडवलं, मी डोळ्यांनी पाहिलं.

काकांना चिन्ह मिळालं कपबशी. त्याच संध्याकाळी अण्णांनी हॉटेलातल्या सगळ्या कपबश्या माळ्यावर टाकल्या आणि स्टीलच्या पेल्यात कॉफी सुरू केली. काका तणतणले, तर म्हणाले, "आचारसंहिता आहे, काका!"

मतमोजणीला आम्ही सगळे मैदानात कर्ण्याखाली उभे होतो. काकांची मतं आम्ही एकमेकांना दोनदा विचारून घेतली. इतकी? नातेवाईक, कारखान्यातले सोबती, कानडी शेजारी, सगळे धावले होते! मग कर्णा पुन्हा बोलला. जुनाच आमदार निवडून आला होता. आणि जेवढ्या मतांच्या फरकाने आला, त्याहून जास्त मतं एकट्या काकांना होती. मैदान असं गप्प झालं की होसकोटेची बससुद्धा चौकशीला थांबली.

ज्याला पाडायचं, त्याला आम्हीच खांद्यावर बसवून आत नेलं होतं.

काका शब्दाचे पक्के. भर बाजारात न्हाव्याच्या खुर्चीवर बसले. आरसा अण्णांनी धरला. अर्धी मिशी उतरली तोच विजयाची मिरवणूक आली. आमदार जीपमधून उतरले, काकांच्या गळ्यात स्वतःचा हार घातला आणि हात जोडून म्हणाले, "तुम्ही उभे राहिलात, म्हणून मी वाचलो." न्हाव्याच्या हातातला वस्तरा पडला. काका म्हणाले, "उचल. उरलेलीही काढ."

घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा कुणा भाडेकरूसारखा दिसत होता. भिंतीला टेकून म्हणाले, "निदान घरची सगळी मतं तरी मला पडली."

काकू कॉफी ओतत होत्या. "माझं नाही."

"काय?"

"त्याला पाडेल असा एकच वाटत होता, त्याच्यावर शिक्का मारला."

"नवऱ्याला सोडून?"

"तुमच्या बाजूने अख्खी वस्ती होती. मिशीच्या बाजूने कुणी नको का?"

काकांचा हात सवयीने पीळ द्यायला वर गेला आणि ओठावर तसाच राहिला.