दोन कोंबांची म्हैस

आफशीनच्या डोक्यात लोगोचा किडा शिरला आणि घरच्यांचं जेवण अवघड झालं. कमर्शियल आर्टच्या दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी आधी निदान ताटावर तरी गप्प बसायची. आता फेडेक्सचा खोका दारात आला की तो उघडायच्या आधीच ओरडायची, "अम्मी, बघ की! ई आणि एक्सच्या मधी पांढरा बाण हाय! दिसला काय?" अम्मीला बाण दिसायचा नाही, तिला खोक्यातलं मिक्सरचं भांडं हवं असायचं. "सफरचंदाला चावा का घेतलाय ठाऊक हाय? चेरी वाटू नये म्हणून!" आणि 'आय लव्ह न्यूयॉर्क'मधलं ते लाल बदाम, ते म्हणे डिझायनरनं टॅक्सीत बसून लाल खडूनं पाकिटावर काढलं. हे ऐकल्यापासून आफशीन रिक्षात बसली तरी हातात खडू धरून बसायची. रंकाळ्यापर्यंत जाईस्तोवर काही सुचायचं नाही, फक्त ओढणी लाल व्हायची.

तर विजयसिंह सरांनी वर्गाला काम दिलं. एक प्रसिद्ध लोगो निवडा, डिझायनरचं नाव शोधा, त्यामागचा विचार सांगा, सोमवारी सगळ्यांसमोर. चोवीस जणांच्या वर्गात अकरा जणांनी सफरचंद धरलं, नऊ जणांनी बुटावरची ती बरोबरची खूण. आफशीन उभी राहिली.

"सर, मी कोंबाची म्हैस घेतो."

(कोल्हापूरच्या पोरी 'मी घेतो, मी जातो' असंच बोलतात. ज्यांना खटकतं त्यांनी पुण्याला जावं.)

वर्ग खो खो हसला. पण ती म्हैस माहीत नाही असा एक माणूस त्या वर्गात नव्हता. शांतव्वा दूध डेअरीच्या पिशवीवर, टेम्पोवर, पाटीवर तीच. काळंभोर तोंड, पांढरा टिळा आणि शिंगांच्या जागी दोन हिरवेगार कोंब, मटकीला फुटतात तसे. तीस वर्षं लोक चहात तेच दूध ओततायत आणि म्हणतायत, काय डोकं लावलंय राव, हिरवा चारा थेट डोक्यातनंच उगवलाय!

"डिझायनर कोण?" सरांनी विचारलं.

"शोधतो की!"

"शोध. पण नाव सापडलं नाही तर शून्य मार्क. आणि विचार डिझायनरच्या तोंडचा पाहिजे. तुझा बनवलेला चालणार नाही."

आफशीनला त्यात काय अवघड वाटेना. शांतव्वाचा गोठा तिच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, कळंब्यातच. ती थेट गेली.

शांतव्वा म्हणजे सत्तरीची, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे आणि आवाज असा की पलीकडच्या गल्लीतली म्हैस वळून बघावी. गडहिंग्लजच्याही पलीकडून, कर्नाटकाच्या हद्दीवरच्या गावातनं नवऱ्याबरोबर आलेली. नवरा चन्नाप्पा आता नव्हता. चार म्हशींच्या साठ झाल्या त्या तिच्याच जिवावर.

"ती म्हैस? ते माझं न्हवं बाई, पेंटरचं डोस्कं! वडगावचा ख्वाजा पेंटर. नवा टेम्पो घेतलता, म्हटलं म्हस काढ. म्या धारंला बसलो, उठून बघतो तर शिंगाच्या जागी कोंब! गारच पडलो. बोलणार हुतो, पर तवा मला मराठी कुठं येत हुतं? चार शब्द. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आन् म्हणालं, आक्का, काय भारी आयडिया! मग मीबी म्हटलं, माणूस हुशार दिसतोय, गप बसावं."

आफशीन हवेतच तरंगत घरी आली. नाव मिळालं! शनिवारी पहिली एसटी धरून ती पेठ वडगावात उतरली.

ख्वाजा पेंटर बाजाराच्या तोंडाला एका पत्र्याच्या खोक्यात बसून मोटारसायकलची नंबर प्लेट रंगवत होता. दाढी पांढरी, कानावर ब्रश. फ्लेक्स आले तसं पाट्यांचं काम आटलं, तरी तालुक्यात अर्ध्या जुन्या पाट्या त्याच्याच हातच्या. खाली नाव मात्र एकाही पाटीवर नाही. "पाटी दुकानदाराची. माझं नाव कशाला?" आणि दुसरी खोड त्याहून मोठी. उस्तादानं शिकवलं होतं, गिऱ्हाईकाला दोनदा विचारायचं नाही, दोनदा विचारलं की त्याला वाटतं ह्याला काम येत नाही. ख्वाजानं जन्मात कधी दोनदा विचारलं नाही. एकदा बाळासो नावाच्या घरमालकानं सांगितलं, "भाड्याने देणे आहे, मोठ्या अक्षरात," तर ह्या बहाद्दरानं पाटीवर रंगवलं, 'भाड्याने देणे आहे मोठ्या अक्षरात'. आठ दिवसांत भाडेकरू मिळाला, त्यामुळं बाळासोही काही बोलला नाही.

आफशीननं म्हशीचं नाव काढलं आणि चाचानं ब्रश खाली ठेवला.

"त्ये माझं न्हवं, बेटा. आयडिया त्या बाईची! माझ्याम्होरं हुबं ऱ्हाऊन, दोन बोटं वर करून सांगिटलं, दोन कोंब, मोठं काढ. म्या मनात म्हटलं, या अल्ला, म्हशीला कोंब? पर गिऱ्हाईकाला पायजे तर पायजे. मग गावभर वाहवा झाली तवा कळलं, बाई लै पोचलेली हाय."

"पण चाचा, विचारलं नाही का, कोंब कशाला म्हणून?"

"दोनदा?" चाचाचा चेहरा असा झाला की आफशीननं परत तो विषय काढला नाही.

रविवारी दुपारी ती पुन्हा गोठ्यात. "आक्का, चाचा म्हणतात आयडिया तुमची."

"माझी? म्या कशाला सांगू म्हशीला कोंब? येडी हाय काय मी?"

"तुम्ही दोन बोटं दाखवली म्हणं!"

"त्यो म्हातारा खुळ्यागत बोलतोय!"

झालं. ती म्हणते त्याची, तो म्हणतो तिची. जगात एका लोगोवर दोघं हक्क सांगतात हे आफशीननं वाचलं होतं, पण दोघंही हात झटकतात असा प्रकार कोल्हापुरातच. सोमवारला एक रात्र उरलेली आणि मार्काच्या जागी भोपळा दिसायला लागला. वर्ग हसणार, अकरा सफरचंदवाले दात काढणार. तिचे डोळे भरून आले आणि ती वैतागून एका म्हशीला टेकली.

म्हशीनं मान फिरवली.

"ए पोरी! कोंबु! कोंबु बघ, कोंबु लागंल!" शांतव्वा किंचाळली.

आफशीन गोंधळून खाली बघायला लागली, की शेणात कुठं कोंब उगवलाय. तेवढ्यात तिच्या कानाजवळनं शिंग सूंऽऽ करून गेलं आणि ओढणी त्यात अडकून फाटली. तिला फाटल्या ओढणीचं भान नव्हतं.

"आक्का... आत्ता काय म्हणालात?"

"कोंबु! आमच्या कानडीत शिंगाला कोंबु म्हणतात. घाईत त्येच तोंडातनं येतंय अजून."

"आणि दोनला?"

"यरडू."

"मग त्या दिवशी चाचांना काय सांगितलं होतं तुम्ही?"

शांतव्वानं दोन बोटं वर केली. "यरडू कोंबु, मोठं काढ..." आणि तिचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मग जे हसू फुटलं ते आवरेना. शांतव्वा वैरणीच्या पेंढीवर बसून हसली, आफशीन पोट धरून हसली, साठ म्हशी दोघींकडं बघत राहिल्या. फोन लावला. पलीकडं चाचाच्या हातातनं डबा पडल्याचा खणखणाट झाला. आफशीनला धास्ती वाटली, म्हाताऱ्याला लागलं की काय. मग हळूच आवाज आला, "म्हणजे... शिंगं हवी हुती?" आणि चाचा इतका हसला की त्याला ठसका लागला.

सोमवारी कॉलेजच्या आवारात शांतव्वा डेअरीचा नवा कोरा पांढरा टेम्पो येऊन थांबला. पुढं बसलेली शांतव्वा, तिच्या शेजारी इस्त्रीचा कुर्ता घातलेला ख्वाजा पेंटर, मांडीवर रंगाचे डबे. सगळा वर्ग खाली उतरला. सफरचंदवालेसुद्धा.

"डिझायनरचं नाव?" सरांनी वही उघडली.

"दोन हाईत सर. शब्द शांतव्वा आक्कांचा, हात ख्वाजाचाचांचा."

"आणि विचार?"

आफशीननं रात्रभर पाठ केलेलं भाषण तिच्या तोंडातच विरघळलं. "विचार न्हाय सर. ऐकण्यात चूक झाली. आणि तीस वर्षं दोघांनीबी एकमेकांना लै हुशार समजलं. तेवढंच."

सरांनी दोघांकडं बघितलं. शांतव्वा पदरात हसत होती, चाचा बुटाकडं बघत होता. सरांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. "तीस वर्षं टिकलेला लोगो मी तरी अजून काढलेला नाही," ते म्हणाले. "चाचा, आमच्यासमोर काढून दाखवता का? आणि ह्या खेपेला खाली दोघांचीही नावं घाला."

चाचानं कानावरचा ब्रश काढला. काळं तोंड झरझर उतरलं, टिळा पडला. कपाळाशी आल्यावर हात थांबला. शांतव्वानं दोन बोटं वर केली.

चाचा वळला. जन्मात पहिल्यांदा त्यानं गिऱ्हाईकाला दुसऱ्यांदा विचारलं.

"आक्का, कोंब का कोंबु?"

शांतव्वानं एकदा टेम्पोकडं बघितलं, एकदा चाचाकडं.

"कोंब, भाऊ," ती म्हणाली. "हिरवं."