कपाळावरचा कॅमेरा

सोलर बसवताना कपाळावर कॅमेरा बांधायचा, असा नियम कंपनीनं काढला तेव्हाच माझं डोकं फिरलं. एआय आमचं काम बघून शिकणार आणि पुढं नव्या फिटरांना शिकवणार, असं साहेबांनी हसत हसत सांगितलं. दिवसभर कुणीतरी आपल्या डोळ्यांतनं बघतंय, या विचारानंच किळस आली.

माझ्या जोडीला चाचा होते. पूर्वी ते पंपांच्या जळलेल्या मोटारींचं वायंडिंग करायचे, तांब्याची तार नव्यानं गुंडाळून द्यायचे. मला छतावर काम करायला त्यांनीच शिकवलं. फिटर बाई बघून कुणी नाक मुरडलं की म्हणायचे, "ती वर चढती, मी खालनं सामान देतो. बोला पावणं, काय म्हननं हाय?"

काम झालं की चाचा घरातल्या बाईला वर बोलवायचे. पॅनेल कसं धुवायचं, कुठं हात लावायचा नाही, ते नीट दाखवायचे आणि मग चहाला बसायचे. आमच्याकडं चहा नाकारणं म्हणजे त्या घराचा अपमानच. एआयला मात्र त्यात नुसता रिकामा बसलेला माणूस दिसायचा. "काम थांबले आहे," असं फोनमधनं गोड आवाजात बजावायचं. त्या गोडव्यानं माझ्या अंगावर काटा यायचा.

"चाचा, चहापुरता तरी कॅमेरा काढा की. काम जाईल तुमचं."

"का म्हणून? चोरून पितोय व्हय?"

शेवटी तेच झालं. वेग कमी म्हणून चाचांना काढलं. मी साहेबांपुढं जाऊन उभी राहिले, तर म्हणाले, "निर्णय सिस्टीमचा आहे, माझ्या हातात काही नाही." शिसारी आली मला त्या वाक्याची.

परवा नव्या फिटरांच्या ट्रेनिंगला मलाही बोलावलं होतं. क्लॅम्प कसा आवळायचा याचा व्हिडिओ लावला. 'आदर्श पद्धत' म्हणे. पडद्यावर नुसते दोन हात, आणि उजव्या अंगठ्यावर वायंडिंगच्या दिवसांतला भाजल्याचा डाग. चेहरा कुठंच नव्हता. कडेनं बांगड्या घातलेला हात कपबशी पुढं करताना दिसला, तेवढ्यात व्हिडिओ कापलेला.

ट्रेनिंग संपल्यावर साहेबांनी सगळ्यांना चहा मागवला. माझ्यापुढं आलेला कप मी तसाच ठेवला आणि उठून बाहेर आले.