आक्काच्या पिवळीचा रंग

ब्याऐंशी-त्र्याऐंशीचा उन्हाळा असेल. वडगावात आमच्या परसात माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या लग्नाचं सूत वाळत घातलेलं, आणि ते पिवळं असायला हवं होतं... ते हिरवट दिसत होतं.

आमचं घर विणकराचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, सूत रंगवायचे आणि विणायचेही. घरातल्या मुलीची लग्नातली पिवळी साडी बापानं आपल्याच मागावर विणायची, ही आमच्या घरची रीत. त्या साडीचं सूत रंगवून झालं की पाच सवाष्णींनी ते परसातल्या विहिरीच्या पाण्यात धुवायचं. हे एकदाच. दुसऱ्यांदा धुणं अपशकुनाचं.

आणि लग्न दीड महिन्यावर आलं होतं.

आता त्या विहिरीबद्दल सांगते. विहिरीपासून वीस पावलांवर आमची रंगाची भट्टी आणि भट्टीच्या मागं एक खड्डा. रंगाई झाली की उरलेलं पाणी आप्पा त्या खड्ड्यात ओतायचे. मी तेव्हा कॉलेजात होते, चार पुस्तकं वाचली होती, त्यामुळे तोंड चालायचं. वर्षभर मी त्यांच्या मागं लागले होते की हे पाणी विहिरीत झिरपतंय, खड्डा बुजवा, लांब कुठंतरी सिमेंटचा हौद बांधा, पाणी उन्हात आटू दे.

पण आप्पांकडे कारणांचा काही तुटवडा नव्हता...

"जमीन गाळून घेती की गं." "आज्ज्यापास्नं हितंच ओततोय, कोण मेलंय?" "आधी कारखानेवाल्यास्नी सांगून ये जा, मग मला शिकीव." आणि शेवटचं, हुकमी, "आक्काचं लगीन हुंदे, मग बघू." एकदा तर विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन माझ्यासमोर धरलं. बघ, कसं काचेगत हाय!

खरं सांगायचं तर कारणं माझ्याकडेही होती. सुट्टीत मी स्वतः कुदळ हातात घेऊ शकले असते. पण परीक्षा होती, मग मैत्रिणीचं लग्न होतं, मग ऊन लई होतं... भाषण द्यायला मात्र मला कधीच ऊन लागलं नाही.

तर ते हिरवट सूत. आप्पांनी आधी रंगाची पावडर विकणाऱ्या दुकानदाराला शिव्या घातल्या. मग सवाष्णींपैकी कुणाच्या तरी नव्या बांगड्यांचा रंग उतरला असेल म्हणाले. मग दृष्ट लागली म्हणाले. आई नुसतं सूत हातात घेऊन बसली. तिला बघून मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला.

मी पांढऱ्या सुताची एक लड घेतली, विहिरीच्या पाण्यात बुडवली आणि रात्रभर तशीच ठेवली. उन्हाळ्यानं पाणी पार तळाला गेलं होतं, त्यामुळे त्यात जे काही उतरलं होतं ते आता दाट झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी लड काढून उन्हात टाकली, दुपारपर्यंत ती वाळली. मी ती आप्पांच्या हातात दिली.

आप्पांचा निळा आमच्या गल्लीत नावाजलेला होता. गडद, मोराच्या मानेसारखा... किती जणांनी प्रयत्न केला, कुणाला जमला नाही. त्या महिन्यात त्यांनी तोच निळा भरपूर काढला होता. आप्पांनी लड उन्हात धरली, उलटीपालटी केली, डोळ्यांजवळ नेली. लडीवर चढलेला निळा फिकट होता, अगदी फिकट. पण स्वतःचा रंग न ओळखणारा रंगारी अजून जन्मायचाय.

"ह्यो माझा हाय," एवढंच म्हणाले. आणि लड मांडीवर घेऊन तिथंच खाली बसले.

त्या दिवशी मी जिंकले होते, पण जिंकल्यासारखं अजिबात वाटलं नाही. समोर माझा बाप बसला होता आणि त्याच्या लेकीचं सूत त्याच्याच हातानं बिघडलं होतं.

संध्याकाळी आप्पा म्हणाले, बाजारातनं दुसरी पिवळी आणू, हे सूत माळ्यावर टाकू. आक्का तशी गरीब गाय. आयुष्यात आप्पांना उलट बोलली नव्हती. पण त्या दिवशी तिनं सुताची टोपली मांडीवर ओढून घेतली.

"न्हाय आप्पा. रीत एकदाच हुती, ती झाली. तुमी ह्येच विणा, मी हीच नेसणार."

"लोक काय म्हणतील गं?"

"इचारतील. इचारू द्या की. तुमी खरं त्ये सांगा."

आप्पांनी विणली. आणि साडी विणून व्हायच्या आत खड्डा बुजला होता. परसाच्या पार दुसऱ्या टोकाला हौदाचं काम निघालं, त्याच्या विटा मी वाहिल्या. ऊन होतंच.

लग्नात अख्खी विणकर आळी जेवायला. आमच्या लोकांची नजर जेवणाच्या आधी साडीवर जाते! बोहल्यावर आक्का आली आणि कुजबूज सुरू झाली. एका म्हाताऱ्या विणकरानं सगळ्यांदेखत विचारलंच, "आप्पा, पिवळीला ह्यो कसला रंग दिलासा?"

आप्पांना कारण सापडायला कधी वेळ लागायचा नाही... दुकानदार होता, बांगड्या होत्या, दृष्ट होती.

आप्पा उठून उभे राहिले. "माझ्या खड्ड्याचा," म्हणाले. "इस पावलावं इहीर हाय, तितं झिरपला. तुमच्या बी इहिरी लांब न्हाईत."

मांडवात कुणी हसलं नाही. त्याच उन्हाळ्यात गल्लीतल्या आणखी दोन घरांनी खड्डे बुजवले. बाकीच्यांकडे अर्थातच कारणं होती.

आप्पा आता नाहीत. त्यांचा निळा मला आवडायचाच, पण मला अभिमान आहे तो त्या हिरवट साडीपुढे ताठ उभ्या राहिलेल्या माणसाचा... आणि त्याला उभं करणाऱ्या आमच्या गरीब आक्काचा.